बंदुकीच्या पट्टीवरचं नाव

तारीख: खंडेनवमीनंतरचा दुसरा रविवार. सकाळी साडेदहा.

हजर: अण्णा, म्हणजे माझे सासरे, वय शहाऐंशी. अक्का, माझी मोठी नणंद, एचएसआर लेआउटहून रिक्षाने, डब्यात चिरोटे घेऊन. मास्टर, आमच्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, के. आर. पुरमहून मेट्रोने. मी.

गैरहजर: नवरा, कामासाठी हैदराबादला.

जेवणाच्या टेबलावर, जुन्या सोलापुरी चादरीवर: बंदूक.

हे माझ्या वहीत असंच लिहिलेलं आहे. मी एका सरकारी कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. हजेरी मांडल्याशिवाय काही सुरू झालं असं मला वाटत नाही. नावं मात्र इथे घालत नाही, नात्यांवरून माणसं कळतात. त्या दिवशीच्या कामांपुढे वहीत बरोबरच्या खुणा आहेत, एक सोडून. वहीबाहेरचं जे आठवतं ते पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. खिडकीबाहेर बुचाची फुलं एकेक करून गिरक्या घेत उतरत होती, खोलीत लोखंडाचा थंड, जुन्या नाण्यांसारखा वास होता, आणि आम्ही चौघं पिकल्या केसांची माणसं एका बंदुकीवर ओणवी होऊन श्वास सोडत होतो.

ते श्वासाचं पुढे येईल. आधी बंदूक.

ठासणीची आहे. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, मागच्या बारीक बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि ठिणगी आत जाते. नळीच्या आत वळत गेलेल्या खाचा आहेत, म्हणून ती रायफल. तिचे कागद माझ्या चार नंबरच्या फायलीत आहेत. ती शेवटची कधी उडाली ते कोणालाच माहीत नाही. जे. पी. नगरमधल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती अण्णांच्या खोलीतल्या भिंतीवर असते आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पूजेसाठी खाली उतरते. त्या दिवशी खाली गाड्यांना केळीचे खुंट बांधलेले असतात, चाकांखाली लिंबं ठेवलेली असतात, आणि वर आमच्याकडे बंदुकीला झेंडूची माळ.

अण्णांचं घराणं बंगळूरचं, इतक्या पिढ्यांपासूनचं की मोजणं सोडून दिलंय. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्ही एकमेकींत विरघळलेल्या. माझे आईवडील नाशिकहून सरकारी नोकरीसाठी इथे आले. तरी अक्काच्या लेखी मी कायमची पुणेकरीण. नाशिक वेगळं, पुणे वेगळं, हे मी तिला सव्वीस वर्षं सांगते आहे. "वर सगळं एकच," ती म्हणते.

या घरात बंदुकीची एक गोष्ट आहे. ती अण्णांच्या खापरपणजोबांनी बनवली. पेटेतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, त्यांच्या भट्टीत कंटोन्मेंटमधल्या साहेबांच्या बंदुका दुरुस्तीला यायच्या. एकदा एक साहेब म्हणाला, दुरुस्ती ठीक आहे, पण अशी नवी तुम्हाला करता यायची नाही. खापरपणजोबांनी एका पावसाळ्यात करून दाखवली. साहेब मागायला आला तेव्हा दिली नाही. गोष्ट सांगताना अण्णांचं उजव्या हाताचं बोट आपोआप आकडा व्हायचं, चाप त्यांच्याच बोटाखाली असल्यासारखं. साहेब कधी घोड्यावरून यायचा, कधी बग्गीतून. बंदूक बनवणारे हात मात्र कधी बदलले नाहीत.

गेल्या वर्षी अण्णांनीच ठरवलं की आपल्यामागे ती भिंतीवर राहू नये. माझी मुलगी परदेशात, अक्काच्या मुलांना ती धूळ खाणारी वस्तू वाटते. एका लहानशा संग्रहालयाने घ्यायची तयारी दाखवली आणि दोन पानी अर्ज पाठवला. लांबी, वजन, अवस्था, मी एका संध्याकाळी भरून टाकलं. सातवा रकाना राहिला: 'तयार करणारा.'

"त्यात विचार कसला?" अण्णा म्हणाले. "खापरपणजोबांचं नाव घाल. कार्डावर तेच येऊ दे. मला काचेच्या बाहेर उभं राहून ते एकदा वाचायचंय. मग झालं."

एवढंच त्यांना हवं होतं. पण रकान्याखाली बारीक अक्षरात 'आधार काय' असं विचारलेलं होतं, आणि आधाराशिवाय रकाना भरायला माझा हात होत नाही. म्हणून मास्टरांना बोलावलं. चाळीस वर्षं त्यांनी टूलरूममध्ये कानस चालवली. आता जुनी कुलपं, घड्याळं, बंदुका उघडून त्या कोणी केल्या ते शोधत बसतात. ते कन्नडमध्ये बोलले, मी इथे मराठीत लिहिते.

मास्टरांनी आधी बंदुकीला नमस्कार केला. मग गज नळीत सोडला, बोटाने जागा धरून बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. आत जुना बार उरलेला नव्हता. मला बरं वाटलं. ही गोष्ट सव्वीस वर्षांत मी तपासायला हवी होती. नळी लाकडी दस्त्याला धरून ठेवणारी खीळ त्यांनी लाकडी हातोडीने हळूच ठोकून काढली. नळी उचलली गेली तेव्हा आतून एक बारीकसा आवाज आला, खूप वेळ बसलेलं माणूस उठताना करतं तसा.

नळीच्या पोटाशी, एरवी लाकडात लपलेल्या जागी, दोन लहान शिक्के होते. मुकुट, आणि खाली काहीतरी फुलीसारखं.

"काय म्हणतात ते?" अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

"विलायतेतले शिक्के, सर."

"म्हणजे बनवणाऱ्याचे?"

"नाही. नळी बाराला फुटत नाही ना, हे तपासणाऱ्यांचे. नळी तिकडची, एवढं नक्की."

अण्णांनी चादरीची सुरकुती सपाट केली. "नळ्या विकतच यायच्या तेव्हा. बाकी सगळं घरी."

"झालं," अक्का म्हणाली. "पुढच्या वेळी गोष्टीत साहेबाच्या बग्गीत नळीपण असणार बघा."

"तू चिरोटे वाढ."

मास्टर दस्त्याकडे वळले. नळी बसायची त्या खाचेत लाकडाला हात लागलेला नव्हता, तेल नव्हतं, ऊन नव्हतं. त्यांनी नखाने एक कण सुटा केला आणि हुंगला. विलायती बंदुकांना अक्रोडाचं लाकूड असतं, ते म्हणाले, आणि हे अक्रोड नाही. फणस आहे. आतला पिवळा रंग इतका ताजा होता की मला कापलेल्या गऱ्यांचाच वास आल्याचा भास झाला.

"दस्ता इथलाच, सर. तिकडे फणस नाही."

मला वाटलं अण्णा खूश होतील. त्यांचा चेहरा पडला. "लाकूड? आम्ही लोखंडातले. आमच्यात लाकूड कोणी तासलं?"

मग मास्टरांनी घोड्याचे स्क्रू काढले आणि प्रत्येक स्क्रूची मान मला भिंगातून दाखवली. मानेवर कानशीने मारलेल्या रेघा होत्या: एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. ज्या भोकातला स्क्रू, त्या भोकाच्या काठावरही तेवढ्याच रेघा. अदलाबदल होऊ नये म्हणून. मी भिंग बराच वेळ खाली ठेवलं नाही. कुठल्यातरी धुकट गावात, कुठल्यातरी खिडकीशी, एक माणूस माझ्यासारखाच वस्तूंना क्रमांक देत बसला होता. तो गोरा होता की सावळा, विलायतेत होता की पेटेत, ते त्या रेघांवरून कळत नव्हतं. एक, दोन, तीन तर सगळे सारखेच लिहितात.

"आता पट्टी," मास्टर म्हणाले.

घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. त्यांनी ती खिडकीशी धरली. पट्टी आरशासारखी होती. तिच्यात बुचाचं झाड दिसत होतं.

"ही कोणी घासते?"

"मी," मी म्हटलं. खरं सांगायचं तर अभिमानाने म्हटलं.

"कशाने?"

"चिंच, राख, वर लिंबू. अलीकडे भांड्यांची लाल पावडर."

मास्टरांनी चष्मा काढला. "मॅडम, नाव इथे असतं."

सासूबाई असताना खंडेनवमीला बंदुकीवरून फक्त खोबरेलाचा बोळा फिरायचा. लोखंड काळपट असायचं, अंगठ्याखाली साबणासारखं मऊ लागायचं. मी आले त्या वर्षी मला ते पाहवेना. पूजेची समई लखलखीत आणि शेजारी ही अशी? मी पदर खोचून बसले. संध्याकाळी सगळे म्हणाले, सुनेने बंदुकीला तेज आणलं. त्यानंतर ते माझ्या यादीतलं काम झालं. कोहळा आणणं, फुलं सांगणं, बंदूक घासणं. सव्वीस वर्षं, एकदाही न चुकता. शेवटचं त्या रविवारच्या पंधराच दिवस आधी.

"अय्यो," अक्का म्हणाली. "बनवणारासुद्धा धुऊन काढला हिने! पुणेकरणीच्या हाती आणखी दहा वर्षं दिली असती तर बंदूकच राहिली नसती."

सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसू जरा मागून आलं.

मास्टरांनी पट्टीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. कागदावर नुसतं करडं आभाळ उमटलं. बाजूने टॉर्च मारला. खडूची पूड टाकून फुंकली. मग म्हणाले, एक जुनी युक्ती आहे, तोंडाची वाफ. गार लोखंडावर वाफ बसते आणि उडताना कधीकधी कोरलेल्या जागी उशिरा उडते. त्यांनी हा करून श्वास सोडला. पट्टी पांढरी झाली आणि कडांकडून हळूहळू उघडी पडू लागली. काही नाही. अक्काने सोडला. मी सोडला. चौथा श्वास अण्णांचा. तो फार लहान होता, पण त्यानेच काहीतरी केलं: उजव्या टोकाला, जिथे नाव संपत असणार, एक वेलांटीसारखी शेपटी दिसली. एखाद्या शेवटच्या अक्षराची असावी. आम्ही मोजून दोन श्वास तिच्याकडे पाहिलं. मग ती उडून गेली, आणि तिच्या जागी पुन्हा झाड.

"कोरीव काम होतं हे नक्की," मास्टर म्हणाले. "पूर्वी पाहिलेलं कोणी असेल तर सांगू शकेल. सर, तुम्हाला काही आठवतं?"

"कॉफी कर सगळ्यांना," अण्णा मला म्हणाले. "मास्टरांना स्वल्प साखर कमी."

मास्टर एक वाजता गेले. पट्टी आणि नळी त्यांनी परत बसवून दिली, स्क्रू ज्याचे त्याच्या भोकात. अक्का जेवून आडवी झाली. मी चादर झटकली, आणि झटकताना माझ्या हाताला लिंबाचा वास आला. त्या दिवशी मी लिंबू कापलं नव्हतं. आता वाटतं तो वास आठवणीतलाच असणार, कारण त्याच्याबरोबर एक बोट आठवलं.

दरवर्षी मी घासायला बसले की अण्णा शेजारी वेताचा मोडा ओढून बसायचे. लिंबाची अर्धी फोड त्यांच्या हातात. मी थांबले की ते पट्टीवर बोट ठेवायचे. "इथे. इथे स्वल्प अजून." मी तिथे घासायची. मला वाटायचं, म्हाताऱ्यांची नजर अजून किती तीक्ष्ण, मला न दिसणारा डाग त्यांना दिसतो. सव्वीस वर्षं तेच बोट, तीच जागा. दोन इंच लांब, आडवी.

मी त्यांच्या खोलीत गेले. ते जागे होते. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत येत होता, बाहेर जात होता.

"अण्णा, तुम्ही मला तिथेच का घासायला लावायचात?"

त्यांनी विचारलं नाही, कुठे म्हणून. उशी मागे घेऊन ते टेकून बसले. मग म्हणाले, "शाळेत इंग्रजी अक्षरं शिकवायला लागले, त्या वर्षी मी घरभर ती शोधत फिरायचो. काडेपेटीवर, साबणावर. एकदा पूजेला बंदूक खाली आली. मी एकेक अक्षर लावून वाचलं. मी आयुष्यात वाचलेलं ते पहिलं इंग्रजी नाव. मोठ्याने वाचणार होतो. शेजारी माझे वडील पाहुण्यांना सांगत होते, आमच्या पणजोबांनी बनवली."

"मग?"

"मग काय. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. मला येऊ लागलं, हा काय त्यांचा गुन्हा? मी तोंड मिटलं." ते थोडं हसले. "पुढे वडील गेले, सांगायची पाळी माझ्यावर आली. सांगितलं. काळ्या लोखंडात नाव दिसायचं नाही चटकन, पण मला दिसायचं. मग तू आलीस. पदर खोचून."

"तुम्ही मला एकदा तरी थांबवायचंत."

"का थांबवू? इतकं सुंदर घासत होतीस."

मला राग यायला हवा होता. मी पलंगाच्या कडेला बसले. खाली कोणीतरी कार मागे घेत होतं, तिचं पीं पीं फार लांबून आल्यासारखं वाटत होतं. मला दिसत होता एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा, बंदुकीवर वाकलेला, ओठ हलत असलेला, आणि मग ओठ मिटलेला. हे मिटलेले ओठ त्याने जवळजवळ ऐंशी वर्षं सांभाळले होते.

मग माझ्यातली स्टोअर्सवाली जागी झाली. मी म्हटलं, "अण्णा, हे बघा. रकाना एकच असला तरी त्यात दोन ओळी बसतात. नळी आणि पट्टी: जे नाव तुम्ही वाचलं ते. दस्ता: फणसाचा, बंगळूरचा, घरच्या आठवणीप्रमाणे खापरपणजोबांनी केलेला. मास्टर सही देतील. विलायतेची बंदूक आली असेल, तिचा दस्ता मोडला असेल, आणि तुमच्या खापरपणजोबांनी नवा तासला असेल. लोखंडातल्या माणसाने लाकूड तासलं, हे जास्त अवघड नाही का?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. "दोन्ही एका कार्डावर?"

"हो."

"पहिलं कुठलं?"

"तुम्ही म्हणाल ते."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं, चालेल. थोड्या वेळाने पुन्हा, "सरी. खापरपणजोबा खाली असले तरी चालतील. धरणारा खालीच असतो."

"मग सांगा, काय नाव होतं?"

"उद्या सांगतो."

त्या 'उद्या'ला आता चार महिने झाले. मी विचारते, घाई करत नाही, पण विचारते. सकाळच्या इडलीबरोबर, रक्तदाबाच्या गोळीबरोबर. ते कधी म्हणतात आठवतंय, कधी म्हणतात शेवटचं अक्षर निसटलंय, कधी नुसतंच कॉफी मागतात. विसरले आहेत असं मला वाटत नाही. इतकी वर्षं ज्याच्यावर बोट ठेवलं ते माणूस विसरत नाही. ते नाव तोंडातून निघालं की त्यांच्या वडिलांना ऐकू जाईल, असं काहीतरी असावं. मी संग्रहालयाला कळवलं की एका माहितीची वाट पाहते आहे. त्यांचं सौजन्याचं उत्तर आलं.

कारखान्याच्या बसमध्ये सकाळी डुलकी लागली की मला एक स्वप्न पडतं. स्टोअर्समध्ये मी उभी आहे, मांडणीवर रांगेने बंदुका आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठ्यांवर वाफ जमलेली. मी वाफ उडायची वाट पाहते. ती उडायच्या आत सिल्क बोर्डचा सिग्नल येतो.

गेल्या रविवारी दुपारी मी अण्णांच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. ते झोपले होते. त्यांचा उजवा हात पांघरुणावर होता, आणि बोट हलत होतं. आधी मला वाटलं चाप ओढतायत. मग दिसलं, लिहितायत. कापडावर, दोन इंच लांब, आडवं. एकेक अक्षर, शाळेतल्यासारखं गोल, सावकाश. शेवटी बोट खाली उतरलं आणि एक शेपटी काढून थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून.

मी पायथ्याशी होते, तिथून सगळं उलटं दिसत होतं. पलीकडे जाऊन त्यांच्या उशाशी उभी राहिले असते तर वाचता आलं असतं. चार पावलं. वही माझ्या खिशात होती, पेन्सिल होती.

मी हातातल्या टॉवेलाची घडी पुरी केली, आणि आणखी एक घातली, आणि खिडकीबाहेर पाहिलं. वाचायचं त्यांना होतं. सांगायचंही त्यांनाच आहे. भिंतीवर बंदूक तशीच, पट्टीत झाड. येत्या खंडेनवमीच्या यादीत मी 'खोबरेल, एक बोळा' असं लिहून ठेवलं आहे.

अर्ज फायलीत वरच आहे. सातवा रकाना, दुसरी ओळ पेनाने भरलेली. पहिल्या ओळीसमोर पेन्सिलने: अण्णांना विचारणे. खूण नाही.